फूलमायाच्या चुलीचा फोटो

शनिवारी सकाळी आई करंज्यांसाठी नारळ खवत होत्या आणि मी प्रेसमधून मोठी परात काढत होते, तेव्हा माझं अभिनंदन झालं. कपाटाला इथे एनिसमध्ये, या आयरिश गावात, प्रेस म्हणतात, आणि सहा वर्षांत आम्हीही म्हणायला लागलोय. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून ‘फळी’च म्हणतात. ओट्यावरचा फोन थरथरला. ‘अभिनंदन, वृंदा! तुमचा फोटो पन्नास हजार प्रवाशांनी पाहिला. तुमच्या मतामुळे लोकांना मदत होते आहे.’ पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडत होते, आणि कपट्यांच्या मागे फूलमाया चुलीपाशी बसली होती. केस चापून बसवलेले, एक हात भाताच्या झाकणावर, चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेलं हसू. मी फोन पालथा घातला. “ऑफिसचं का गं?” आईंनी विचारलं. हो म्हटलं. शनिवारी कसलं ऑफिस, असं त्या पुढे विचारतील म्हणून मी नळ सोडला आणि स्वच्छ असलेली परात पुन्हा धुवायला घेतली.

ऑफिसचं म्हटलं ते अगदीच खोटं नव्हतं. शॅननजवळच्या एका कारखान्यात मी तक्रारी तपासते. आम्ही हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवतो, आणि जगातल्या कुठल्याही हॉस्पिटलातून नळीबद्दल तक्रार आली की ती माझ्या टेबलावर येते. नळी वापरण्याआधी तिचं काय काय झालं, कुठे ठेवली होती, किती गरम जागेत, कोणी उघडली, हे सगळं विचारल्याशिवाय मी कोणावर ठपका ठेवू देत नाही. नवीन मुलांना मी शिकवते की तक्रार करणारा माणूस जे पहिलं सांगतो ते बहुधा त्याला सोयीचं असतं. हे वाक्य मी इतकं ठासून म्हणते की माझा मॅनेजर मागून त्याची नक्कल करतो. त्या वाक्याचं मूळ कुठलं आहे ते त्याला ठाऊक नाही. ते नेपाळात आहे, हेलंबूच्या बाजूच्या एका उतरत्या गावात, पत्र्याच्या एका लॉजमागे, जिथे मी दोन करंज्या फेकल्या होत्या.

त्याला नऊ वर्षं झाली. आमची मुलगी मुक्ता तेव्हा व्हायची होती, आम्ही पुण्यात होतो आणि ट्रेकिंगचं खूळ नवऱ्याच्या, शिरीषच्या डोक्यात नुकतंच शिरलं होतं. निघण्याआधी आम्ही दोन दिवस सांगलीला गेलो. तिथून निघताना आईंनी जे बांधून दिलं त्यात एक गाव जेवलं असतं: मेतकूट, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगांची चटणी आणि स्टीलच्या डब्यात अकरा करंज्या. प्रवासाला त्या नेहमी सुक्या खोबऱ्याच्या करंज्या देत. त्या वेळी ओल्या नारळाच्या दिल्या, कारण लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना मी म्हणाले होते, आई, अशा करंज्या मी आमच्या मालवणातसुद्धा खाल्ल्या नाहीत. मासेखाऊ घरातली मुलगी, या घरात आपल्याला कितपत सामावून घेतील असं वाटायचे ते दिवस; ते वाक्य निम्मं खरं आणि निम्मं नव्या सुनेचं होतं. आईंनी ते पूर्ण खरं धरलं आणि लक्षात ठेवलं. “तिथलं बाहेरचं काही खाऊ नका,” गाडीच्या खिडकीतून डबा देताना त्या म्हणाल्या होत्या, “घरचं कधी बाधत नाही.” आम्ही दोघांनीही मान हलवली. दोघेही इंजिनिअर, जंतू म्हणजे काय ते शाळेत शिकलेले, पण घरच्या डब्यात जंतू शिरत नाहीत अशी आमची आतून खात्री होती. अजूनही आहे. बाहेरच्या पाण्याचा घोट घेताना आम्ही दहादा विचार करतो आणि घरून आलेला डबा डोळे मिटून उघडतो.

डब्यातलं शिरीषने काठमांडूत दोन दिवसांत संपवत आणलं. करंज्या संपल्या असंच तो समजत होता. पाच शिल्लक होत्या, माझ्या सॅकच्या तळाशी. पाचव्या दिवशी, चार तासांची जीप आणि सहा तासांची चाल झाल्यावर, आम्ही फूलमायाच्या लॉजवर पोचलो. आदल्या वर्षीच्या भूकंपात तिचं दगडी घर पडलं होतं. त्या जागी पत्र्याच्या चार खोल्या उभ्या होत्या, आणि एका वर्षात स्वैपाकघराचा पत्रा धुराने काळाभोर झाला होता. त्याच्या खाली मक्याची कणसं टांगलेली. नवरा मलेशियात, मुलगी काठमांडूला शिकायला. ती एकटीच होती. चिया, म्हणजे चहा, दिला. दालभात मांडते, तासभर लागेल, म्हणाली, कारण तिच्याकडे आधी करून ठेवलेलं काही नसे, माणूस आला की तांदूळ पडायचे. शिरीष नळावर हातपाय धुवायला गेला. मी खोलीत भुकेने कासावीस होऊन डबा उघडला. वास आला. अगदी थोडा, आंबूस. मी तो नीट घेतला, दोनदा घेतला, आणि वेलदोडा असेल असं स्वतःला सांगितलं. तीन खाल्ल्या. तिसरी खाताना जिभेला जरा चिकट लागलं. उरलेल्या दोन मी मागच्या दाराने बाहेर जाऊन उतारावर भिरकावून दिल्या. फेकल्या म्हणजे मला कळलं होतं. पुढे कितीतरी वर्षं मी हा एवढाच मुद्दा टाळून बाकीचं सगळं आठवत असे.

मग मी स्वैपाकघरात जाऊन बसले. चूल बघून मला आजोळ आठवलं. फूलमाया टोमॅटो निखाऱ्यावर भाजून पाट्यावर वाटत होती आणि त्यात तिने चिमूटभर तिमूर टाकलं. मी ओरडलेच, अहो हे तर आमचं तिरफळ! आमच्याकडे बांगड्यात घालतात. ते सख्खं भावंड असेल की चुलत, मला माहीत नव्हतं, पण तोंडाला तीच झिणझिणी. माझ्या हिंदीतलं तिला निम्मंच कळलं, पण ती खूप हसली. मी फोटो काढू का विचारलं. “थांब,” अशी खूण करून ती उठली, कमरेचा पटुका सोडून पुन्हा नीट बांधला, केसांना पाण्याचा हात लावला, भाताचं झाकण फडक्याने पुसलं आणि मग बसली. आम्ही जेवत होतो तेवढा वेळ ती वाढायला उभी. भात, काळी डाळ, मोहरीच्या पाल्याची, रायाची भाजी, आंबवून वाळवलेल्या पाल्याचं गुंद्रुक, ती चटणी. पान रिकामं दिसलं की पळी पुढे. आमचं झाल्याशिवाय ती जेवणार नव्हती, ते आपल्याकडच्यासारखंच. शिरीषने तीनदा भात घेतला. मी दोनदा.

पहाटेपासून मला उलट्या सुरू झाल्या. तो अख्खा दिवस मी त्या खोलीत काढला, बादली उशाशी. फूलमाया दर अर्ध्या तासाने यायची. बादली तीच न्यायची, मला लाज वाटू नये म्हणून तिच्यावर पानं झाकून न्यायची. मीठसाखरेचं पाणी द्यायची. पहिल्यांदा आली तेव्हाच तिने शांतपणे विचारलं, “दिदी, क्या क्या खाया था?” हा प्रश्न मी आज पगार घेऊन विचारते. शिरीष दाराशी उभा होता. मी डोळे मिटून म्हणाले, “आपका दालभात.” एवढंच. करंज्या म्हणाले असते तर काय झालं असतं? शिरीष म्हणाला असता, खराब झालेल्या कशाला खाल्ल्यास? मग सांगलीला फोन, आईंचा रडवेला आवाज. कदाचित काहीच झालं नसतं. मला तेव्हा फक्त ओकण्याची लाज वाटत होती, आणि त्या लाजेचा भार टाकायला समोर एक परकी बाई होती. “मैंने भी वही खाया,” ती म्हणाली. वाद घालायला नव्हे, स्वतःच कोड्यात पडल्यासारखं. मग ती गेली. थोड्या वेळाने मागच्या नळावरून भांडी राखेने घासल्याचा आवाज यायला लागला. डाळीचं पातेलं तिने म्हशीपुढे रिकामं केलं, आणि घरातलं एकूण एक भांडं काढून घासलं, पळ्या, झाकणं, चहाची किटलीसुद्धा. तास दीड तास ते चाललं होतं. मी पडल्या पडल्या ऐकत होते. दुपारी त्याच घासलेल्या पातेल्यात तिने माझ्यासाठी जाउलो केला, म्हणजे आपला गुरगुट्या भातच, तूप आणि मीठ घालून. मी तो खाल्ला. त्याच्याइतकं चवीचं मी नेपाळात दुसरं काही खाल्लं नाही. पोट संध्याकाळपर्यंत थांबलं.

काठमांडूला परतल्यावर हॉटेलच्या खोलीत शिरीष म्हणाला, “लिही गं तू, तुझं इंग्लिश चांगलं आहे. बाकीच्यांना कळायला नको?” मी लॉजच्या पानावर रिव्ह्यू लिहिला. चांगलंच लिहिलं. एक तारा दिला. ‘स्वैपाकघर पाहिलं तर जेवणार नाही. रात्रीच्या जेवणानंतर दिवसभर अंथरुणात. सावध राहा.’ पुरावा म्हणून फोटो जोडला: काळा पत्रा, धूर, चूल, आणि मधे पटुका नीट बांधून बसलेली ती. मग सांगलीला फोन करून आईंना सांगितलं की दोन दिवस निव्वळ तुमच्या करंज्यांवर काढले. ते कशासाठी, हे मला आजही सांगता येत नाही. त्या इतक्या सुखावल्या की परतीचा रस्ता तिथेच बंद झाला. पुढे ती गोष्टच होऊन बसली. पुण्यात, मग इथे, दिवाळीच्या फराळाला, कोणाच्या बारशाला, ‘वृंदा, ते नेपाळचं सांग.’ बादलीवरची पानं मी गोष्टीत विनोदी केली होती. फूलमायाचं हिंदी मी तिच्या आवाजात करून दाखवत असे. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. मला गोष्ट सांगता येते, असं माझं नाव झालं ते त्यावर.

नरेश आणि अक्षया साडेबाराला आले, लिमरिकहून. नरेश शिरीषबरोबर काम करतो. दोघांचं लग्न होऊन वर्षच झालंय. उद्या सगळ्यांनी मिळून लहिंचला समुद्रावर जायचं ठरलं होतं, त्यासाठीच आई करंज्या करत होत्या. वरणभात, बटाट्याची भाजी, गरम करंज्या. मुक्ताने जेवणाआधीच दोन उचलल्या. आजी काय विचारते ते तिला सगळं कळतं, पण उत्तर एनिसच्या शाळेतलं. “दे आर ग्रँड, आजी,” म्हणाली आणि तिसरी घेऊन टीव्हीकडे पळाली. “काय म्हणाली?” “चांगल्या झाल्यात म्हणाली.” “मग तसं म्हणावं की!” आई खुशीत होत्या.

“वृंदा, आम्ही ऑक्टोबरमध्ये नेपाळला चाललोय,” अक्षया म्हणाली. “हेलंबू. आणि नरेशने तुझी गोष्ट अजून ऐकलीच नाहीये.”

“ऐकली नाही, पण वाचली ना!” नरेश म्हणाला. “शिरीषने लिंक पाठवली होती. ते गावच मी लिस्टमधून उडवलं. आम्ही खालच्या गावात राहणार. तो किचनचा फोटो कसला डेंजर आहे.”

“बाहेरचं खाल्लं की असंच व्हायचं,” आई वाढता वाढता म्हणाल्या. “कोण कुठली बाई, काय पाण्यात शिजवते, आपल्याला काय माहीत? माझ्या करंज्या होत्या बरोबर म्हणून निभावली पोर. परदेशी काय झालं असतं तिचं!”

“सांग ना,” अक्षया म्हणाली. “त्या बाईची ॲक्टिंग करून.”

मी सुरुवात केली. जीप, चाल, पत्र्याचं लॉज. कुठे थांबायचं, कुठे भुवया उडवायच्या, सगळं जिथल्या तिथे येत होतं, तोंडाला सवय आहे. ‘दिदी, क्या क्या खाया था’ला पोचले, तो आवाज काढला, नरेश हसला. आणि पुढचं वाक्य येईना. समोर करंज्यांचं ताट होतं. पन्नास हजार, हा आकडा मला सकाळपासून गिळता येत नव्हता. त्यातल्या अर्ध्यांनी नुसतं पाहून सोडलं असेल, असा हिशेब मी परात धुताना मांडला होता. पण हा एक समोर बसला होता, माझ्या टेबलावर, माझा वरणभात खात. यानं ते गाव उडवलं होतं.

“करंज्यांनी झालं होतं,” मी म्हणाले.

“काय?” शिरीष म्हणाला.

“पाच उरल्या होत्या. तुला माहीत नव्हतं. वास येत होता. मी तीन खाल्ल्या आणि दोन फेकल्या. तिच्या डाळीत काही नव्हतं. तू तीच डाळ खाल्लीस, तीनदा भात घेतलास, तुला साधी ढेकर आली नाही. मला तेव्हाही माहीत होतं.”

नरेशने करंजी उचलली होती ती त्याला खाली ठेवता येईना आणि खाताही येईना. “अगं, होतं असं,” अक्षया म्हणाली, “इट्स ग्रँड, इतकी जुनी गोष्ट.” शिरीष माझ्याकडे बघत होता. “मी लिही म्हटलं,” तो म्हणाला. “मी म्हटलं आणि तू गप्प बसून लिहिलंस?” त्याचा राग रास्त होता. त्याचं मला काही वाटलं नाही. मी आईंकडे बघत होते. त्यांच्या हातात भाताचा वाडगा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला, करंज्यांचं ताट उचललं आणि ओट्याकडे घेऊन गेल्या. आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मुक्ता आतून ओरडली, “आजी, कॅन आय हॅव अनदर वन?” आईंनी तिला उत्तर दिलं नाही. असं कधी झालं नव्हतं.

पाहुणे तीनच्या आत गेले. उद्याचं बघू, फोन करतो, म्हणाले. शिरीष मुक्ताला घेऊन बागेत गेला, पाऊस भुरभुरत असूनही. मी भांडी आवरायला लागले. नऊ वर्षं मी मनात एकच कारण धरून ठेवलं होतं: खरं बोलले तर आईंना लागेल. फार सोयीचं कारण होतं ते. म्हाताऱ्या माणसाच्या मायेआड लपायला बरं असतं, कोणी हटकत नाही.

“तुला ओल्या आवडतात म्हणून केल्या होत्या,” पाठमोऱ्याच आई म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“वास आला होता ना? मग टाकायच्या.”

“तुम्ही केल्या होत्या.”

“मी केल्या म्हणून काय झालं? नासलं ते नासलं.” त्या वळल्या. डोळे लाल होते, पण आवाज चढलेला होता. “आणि मला सांगितलंस की करंज्यांवर राहिले. मी सगळ्या आळीत सांगत सुटले. गेल्या महिन्यात इथल्या हळदीकुंकवालासुद्धा सांगितलं. त्या बाईला नावं ठेवली मी.”

मी चुकले म्हटलं. म्हटल्यावर ते फार लहान वाटलं.

“माझं सोड,” त्या म्हणाल्या. “तिला कळवलंस का?”

मी नाही म्हणाले. कसं कळवणार, नंबर नाही, पत्ता नाही, असंही म्हणणार होते, पण फोन ओट्यावर पालथा पडला होता आणि दोघींनाही तो दिसत होता. मी तो सुलटा केला. अभिनंदनाचे कपटे पुन्हा उडाले. त्याखाली माझा रिव्ह्यू होता, जो मी लिहिल्यापासून एकदाही उघडून वाचला नव्हता. आणि त्याच्याखाली, जरा आत सरकवलेलं, ‘मालकांचं उत्तर’. तारीख माझ्या रिव्ह्यूनंतर आठ दिवसांची. नऊ वर्षं ते तिथेच होतं.

“काय लिहिलंय?” आईंनी विचारलं. त्यांना इंग्रजी येत नाही. “वाच की.”

मी वाचलं, मराठी करत. “नमस्ते सिस्टर. मी फूलमायाची मुलगी, काठमांडूहून लिहिते आहे. तुम्ही लिहिलेलं मी आमाला फोनवर वाचून दाखवलं. आमाला फार वाईट वाटलं. आता आम्ही पाणी वीस मिनिटं उकळतो. डाळीचं पातेलं नवीन आणलं. पुढच्या महिन्यात पत्राही रंगवणार आहोत. आमा विचारते, सिस्टरचं पोट आता बरं आहे का? आमा म्हणते, त्यांना तिमूर आवडलं होतं, जाताना द्यायचं राहिलं.”

त्याच्यानंतर तिथे दोघा-तिघांनी काही लिहिलं होतं, सगळ्यात अलीकडचं सहा वर्षांपूर्वीचं. मग काही नाही. लॉज बंद झालं, की लोक तिथे जाऊन लिहीनासे झाले, ते त्यावरून कळायला मार्ग नव्हता. मी रडत होते. आईंनी रडू दिलं, जवळ आल्या नाहीत.

“नऊ वर्षं झाली तिनं विचारून,” त्या म्हणाल्या. “लिही आता. आधी तिनं विचारलंय त्याचं उत्तर दे. पोट बरं आहे म्हणून. मग बाकीचं. आणि लिही, करंज्या सांगलीच्या सासूने केल्या होत्या. माझं नाव घाल.”

“तुमचं कशाला, आई? खाल्ल्या मी.”

“घाल म्हणते ना.”

मी खुर्चीत बसले. रिव्ह्यू बदलायचा का, फोटो काढून टाकायचा का, असं फोन विचारत होता. बदलायचा, म्हटलं. फोटो राहू दिला. एवढं आवरून बसली होती ती त्याच्यासाठी. जुनं सगळं पुसलं आणि लिहिलं: ‘आमा, पोट त्याच दिवशी संध्याकाळी बरं झालं होतं.’ पुढचं वाक्य जुळवत असताना माझ्या मागे डब्याचं झाकण वाजलं. उद्या समुद्रावर जायचं की नाही ते ठरलं नव्हतं, तरी आई डबा भरत होत्या. मी वळून पाहिलं. त्या एकेक करंजी उचलत होत्या, नाकाशी नेत होत्या, वास घेत होत्या, आणि मग डब्यात ठेवत होत्या. सकाळीच केलेल्या करंज्या होत्या त्या.